मंडळ गुंडाळायचं की उघडायचं?

गेल्या आठवड्यात कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "नागरिक मंडळ आता गुंडाळून टाका." पटापट अंगठे पडले. मला ते पटलेलं नाही. पोस्ट मोठी आहे, पण आपल्याच गल्लीची आहे, म्हणून वाचा.

आपलं मंडळ ऐंशीच्या दशकातलं. रस्ता नव्हता, दिवे नव्हते, पाण्याला टँकर यायचा, तेव्हा प्लॉटवाल्यांनी मिळून काढलं. घटनेत लिहिलंय, सभासद म्हणजे प्लॉटधारक. तेव्हा ते बरोबरच होतं. आज बंगले पडून इमारती झाल्यात, एकेका प्लॉटवर आठ-दहा कुटुंबं राहतात. यादीत मात्र अजून तीच जुनी 62 नावं. त्यातले कितीतरी वारले, काही मुलांकडे परदेशात. मग सभेला सहा डोकी जमतात आणि आपण म्हणतो, "लोकांना इंटरेस्टच नाही हो."

खोटं आहे हे. मागच्या पावसाळ्यात कोपऱ्यावरचं चेंबर तुंबलं, तेव्हा रात्री अकरा वाजता पहार घेऊन कोण आलं? भाड्याने राहणारी दोन पोरं आणि समोरच्या इमारतीतल्या ताई. तिघांपैकी एकही आपला सभासद होऊ शकत नाही!

आणि मंडळ लागतं कशाला, हे तर आपण पुणेकरांनी पाहिलंय. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, महापालिकेत प्रशासक आले. दिवा गेला की ज्या एका नंबरवर फोन करायची सवय होती, तो माणूसच पदावर नव्हता. पुणे महापालिकेत अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामं सुचवायची सोय 2006 पासून आहे. पदपथ, बाक, दिवे, असली आपल्या दाराशी असलेली कामं. आपल्या मंडळाच्या दप्तरात असा एकही अर्ज मला सापडला नाही.

दप्तराचंही सांगतो. नऊ वर्षांपूर्वी वारलेले अध्यक्ष सरकारी नोंदीत अजून अध्यक्षच आहेत. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो (कलम 22). तो कुणी दिलाच नाही. त्यामुळे बँकेत सही कुणाची चालेना, एफडी तशीच पडून, आणि हॉलमध्ये सतरंज्या कुजतायत. उशीर झाला असला तरी विलंब माफीचा अर्ज करता येतो. कटकटीचं काम आहे, पण होणारं आहे.

आता खरी अडचण. जुन्या काकांना वाटतं, भाडेकरू सभासद झाले तर उद्या हॉल हातचा जाईल. या भीतीला मी हसणार नाही, तो हॉल त्यांनी स्वतः विटा वाहून उभा केलाय. पण काका, हॉल ट्रस्टचा आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय तो विकता येत नाही, तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यालाही देता येत नाही (कलम 36). नवे सभासद शंभर आले काय नि पाचशे आले काय, हे कलम तिथेच आहे.

माझं म्हणणं एवढंच: जो कॉलनीत वर्षभर राहतोय आणि अठरा वर्षांचा आहे, तो सभासद. घर मालकीचं असो की भाड्याचं. आणि घरटी एक नाव नको, माणशी एक. नाहीतर परत सगळे बाबाच येतात; आजवरच्या कमिट्यांत एक बाई नाही. सभाही बुधवारी संध्याकाळी पाचला नको, नोकरीवाला येणार कसा?

पण घटना बदलायचं मत आज फक्त जुन्या सभासदांना आहे. म्हणून ही पोस्ट मुख्यतः त्यांच्यासाठी. येत्या रविवारी सकाळी दहाला हॉलवर या. ज्यांचे आई-वडील सभासद आहेत त्यांनी त्यांना गाडीवरून घेऊन या, जिना नाहीये. घटनेच्या झेरॉक्स मी आणतो. किल्ली जुन्या सेक्रेटरींकडे आहे, ते येतो म्हणालेत. कुलूप मात्र गंजलंय, कुणीतरी तेल आणा.