सुरतेहून आलेला पाहुणा

परवा कार्यालयातल्या एका मुलाला ताप आला, तर तो बाजूला बसणाऱ्यांना आधी सॉरी म्हणाला. मला एकदम 1994 साल आठवले.

मी तेव्हा दहावीत होतो. त्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसांचा प्लेग पसरल्याची बातमी आली. लाखो लोक रेल्वेने, बसने शहर सोडून निघाले. त्यांत माझे काकाही होते. सुरतेच्या कापडबाजारात ते हिशेब लिहीत. मुंबईत आठवडाभर काढून ते आमच्या गावी उतरले, ते अंगात ताप घेऊनच.

वडिलांनी त्यांना घरात घेतले नाही. बलकांवात चटई टाकून दिली. मी पेजेचा वाडगा पायरीवर ठेवून पळालो. काका हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर आले. ते नाकाला रुमाल बांधून आले, पण काकांच्या शेजारी बसले. "सुरत सोडून किती दिवस झाले?" "नऊ." "खोकला? थुंकीतून रक्त?" "नाही." "थंडी वाजून ताप येतो?" "एक दिवसाआड."

फुप्फुसांचा प्लेग लागण झाल्यावर सहसा एक ते चार दिवसांत प्रकट होतो. संशय बळकट असेल तर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते, कारण उपचारांविना रोगी क्वचितच वाचतो. लक्षणे दिसल्यापासून पहिले चोवीस तास मोलाचे. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन ही त्यावरची औषधे. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलसाठी तेव्हा लोकांची झुंबड उडाली होती.

डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. दुसऱ्या दिवशी कळले, मलेरिया. क्लोरोक्विनने काका उठून बसले. वडील काही बोलले नाहीत, फक्त चटई उचलून आत नेली.

पुढे 1995 साली एस. आर. राव सुरतेचे महापालिका आयुक्त झाले आणि ते गलिच्छ शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले. काका परत गेले आणि तिथेच निवृत्त झाले. आता ते नाहीत.

डॉक्टरांकडे औषधाच्याही आधी चार प्रश्न होते. आम्ही घरच्या माणसांनी एकही विचारला नव्हता. "कसे वाटतेय?" एवढेसुद्धा नाही.

परवा त्या मुलाला मी तेवढे मात्र विचारले.