कागदावरचे ६५ वॅट

नागपुरात संगणक जुळवून देण्याच्या धंद्यात एक प्रश्न सतत कानावर येतो : "हा प्रोसेसर ६५ वॅटचा आणि तो १२५चा, म्हणजे तो दुप्पट पळणार ना?" विचारणारे बहुतेक लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, आर्किटेक्ट, नाहीतर इंजिनिअरिंगची मुलं. प्रश्न साहजिक आहे. ७५० वॅटचा मिक्सर ५०० वॅटच्या मिक्सरपेक्षा जोरात दळतो, हे घरोघरी माहीत असतं. प्रोसेसरच्या माहितीपत्रकातला टीडीपी, म्हणजे थर्मल डिझाइन पॉवर, हा आकडा मात्र मुळात वेग सांगण्यासाठी नाहीच. कूलर बनवणाऱ्याला किती उष्णता बाहेर काढण्याची तयारी ठेवायची, एवढंच तो सांगतो.

एएमडी कंपनीचं टीडीपीचं सूत्रच पाहा. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाचं चालू शकेल असं तापमान घ्यायचं, त्यातून कूलरकडे येणाऱ्या हवेचं तापमान वजा करायचं आणि कूलरच्या उष्णतारोधाने भागायचं. २०१८च्या रायझन ७ २७००एक्ससाठी हे आकडे होते ६१.८ अंश, ४२ अंश आणि दर वॅटला ०.१८९ अंश. १९.८ भागिले ०.१८९, उत्तर जवळपास १०५. माहितीपत्रकात १०५ वॅट लिहिले गेले ते असे. या गणितात प्रोसेसर किती वीज ओढतो हे कुठेच येत नाही. प्रत्यक्ष विजेची मर्यादा कंपनी वेगळी ठरवते आणि ती साधारण टीडीपीच्या १.३५ पट असते : ६५चा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत जातो, १०५चा १४२पर्यंत.

त्या सूत्रातला ४२चा आकडा विदर्भातल्या माणसाने नीट बघावा. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे बाहेरचा पारा ४५च्या वर जातो. बंद खोलीत, भिंतीला चिकटवलेल्या कॅबिनेटमध्ये, खाली ग्राफिक्स कार्ड गरम हवा सोडत असताना कूलरला ४७ अंशांची हवा मिळाली, तर तेच गणित ७८ वॅटवर येतं. प्रोसेसर तोच, कूलर तोच, पण २७ वॅट उष्णतेला वाट उरली नाही. मग झाकण तापतं आणि मर्यादा गाठली की प्रोसेसर आपली गती उतरवतो. डिसेंबरात झटपट होणारं रेंडरिंग मे महिन्यात रेंगाळतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

इंटेलने २०२१मध्ये, बाराव्या पिढीपासून, टीडीपी हा शब्द सोडून दोन आकडे द्यायला सुरुवात केली. हे चांगलं झालं. कोअर आय७-१२७००चा मूळ आकडा ६५ वॅट, पण कमाल टर्बो १८० वॅट! म्हणजे पावणेतीन पटींहून अधिक. मदरबोर्ड कंपनीचे नियम पाळत असेल, तर रेंडरिंग सुरू केल्यावर हे दृश्य डोळ्यांनी दिसतं. पहिले २८ सेकंद किंवा थोडे अधिक, वॅटचा आकडा वर चढलेला आणि सगळे मोठे कोअर चार गिगाहर्ट्झच्या पुढे. मग आकडा ६५वर येऊन बसतो आणि गती तीनच्या घरात उतरते. ब्राउझर उघडणाऱ्याला तो पहिला जोर पुरतो. तासभराचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करणाऱ्याला त्यानंतरचा वेग मिळतो. बरेच मदरबोर्ड मात्र ही मर्यादा सोडूनच देतात. त्यामुळे तोच प्रोसेसर दोन बोर्डांवर दोन वेगांनी चालतो, आणि मर्यादा सोडलेल्या बोर्डावर सोबत आलेला छोटा कूलर लावला तर शंभर अंशांना टेकतो.

मग जास्त वॅट दिले की वेग वाढतो का? वाढतो, पण फार महागात. चिपमध्ये स्विचिंगला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारितेच्या प्रमाणात वाढते. गती १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के चढवावं लागलं, तर वीज ३३ टक्के वाढते. शिवाय चिप तापली की गळतीची वीज वाढते, ती वेगळीच. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स हा १७० वॅट टीडीपीचा प्रोसेसर २३० वॅटपर्यंत वीज घेतो. बायोसमध्ये त्याला ६५ वॅटच्या इको मोडवर टाकलं की मर्यादा ८८वर येते. वीज निम्म्याहूनही खूप कमी, तरी भारी कामांत तीन-चतुर्थांश किंवा अधिक वेग टिकतो. ज्यांचा स्टुडिओ इन्व्हर्टरवर चालतो त्यांना मी हा मोड आवर्जून सुचवतो.

वॅटच्या जोरावर वेग ओढण्याचा मार्ग इंटेलने स्वतः चालून पाहिला आहे. २००४मध्ये पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला, टीडीपी ११५ वॅट. चार गिगाहर्ट्झची आवृत्ती जाहीर झाली होती, ती त्याच वर्षी रद्द करावी लागली. दोन वर्षांनी आलेला कोअर २ ड्युओ ई६६०० फक्त २.४ गिगाहर्ट्झचा आणि ६५ वॅटचा होता, आणि त्याने पेंटियमला सहज मागे टाकलं. प्रत्येक ठोक्याला जास्त काम करणारी रचना आणि दोन कोअर, यामुळे हे घडलं. वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर वॅटवर तोलणं निरर्थक आहे, हे मी या उदाहरणावरूनच समजावतो.

तेव्हा या दिवाळीत नवा संगणक घेणार असाल, तर दुकानदाराला सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी तुमच्यासमोर लावायला सांगा आणि शेवटच्या मिनिटात वॅट, तापमान आणि गती तिन्ही पाहा. बजेट आवळायचं असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण कूलर आणि हवेशीर कॅबिनेटमध्ये काटकसर करू नका.