काचेखालचे लाकूड : मुंबईच्या जुन्या-नव्या बाजारांतून

ग्रँट रोड स्थानकातून पूर्वेला उतरून मौलाना शौकत अली मार्गाने चालत गेले की नळबाजाराच्या गर्दीआधी एक अरुंद रस्ता फुटतो. त्याचे नाव मटण स्ट्रीट. नावानेच अनेक घरांतील ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतात; पण मुंबईच्या जुन्या सामानाचा खरा बाजार हाच, आणि सारे शहर त्याला चोरबाजार म्हणून ओळखते. येथे पूर्वी चालणाऱ्या आरडाओरड्यामुळे ‘शोर बाजार’ म्हणत आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘चोर’ झाला, असे सांगतात. शुक्रवारी येथील जुन्या वस्तूंची दुकाने बंद असतात व रस्त्यावर किरकोळ मालाचा बाजार भरतो. टेबल पाहायला जाणाऱ्याने तो दिवस टाळावा.

दुकानांच्या आत झुंबरे, ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांवरचे पितळी दिवे यांच्या गर्दीत कोचाशेजारी ठेवण्याची लहान टेबले एकावर एक रचलेली असतात. बहुतेकांवर काच असते. ही काच मुळची की नंतर बसवलेली, या एका प्रश्नावर टेबलाची किंमत हलते. नव्या घराचा दिवाणखाना सजवू पाहणाऱ्या कुटुंबांची फसवणूकही बहुधा याच प्रश्नावर होते.

या टेबलांमध्ये दोन घराणी ढोबळपणे ओळखू येतात. एक एकोणिसाव्या शतकातील कोरीव शिसवी फर्निचरचे. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ते परदेशातही प्रसिद्ध झाले. पानाफुलांची दाट जाळी, वळणदार पाय आणि वर गोल फळी असे त्याचे रूप असते. त्यावर काच ही बहुधा पुढच्या पिढीची सोय, कारण कोरीवकामात धूळ साचते आणि पेला सरळ उभा राहत नाही. दुसरे घराणे 1930 नंतरचे. बॅकबेची भरणी होऊन मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या काळचे. (फोर्टमधील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह या इमारतींना 2018 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.) त्या घरांसाठी गोल कडांची, पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीची बर्मा सागवानी टेबले घडवली गेली. त्यांतील काहींमध्ये काच मुळातच योजलेली असे. फळीच्या कडेला खाच ठेवून ती त्यात बसवत.

दुकानदार काचेतील लाटा दाखवून म्हणतो, “शेठ, हा माल शंभर वर्षांचा.” लाटा खऱ्या असतात. काच तिरकी धरून तिच्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहिले की सरळ रेघ सापासारखी वळलेली दिसते. वितळलेल्या काचेचा पत्रा ओढून काढण्याच्या जुन्या पद्धतीची ती खूण होय. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती आरशासारखी सपाट करण्याची ‘फ्लोट’ पद्धत इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली. आपल्याकडे तळोज्याला तसा कारखाना 1990 च्या दशकात सुरू झाला. तोवर भारतात ओढीव काच सर्रास वापरली जात होती. म्हणजे लाटा दिसल्या तरी काच चाळीस वर्षांचीच असू शकते. लाटांवर शतकाची किंमत मोजणे हा तोट्याचा सौदा आहे.

लाकडाकडे मात्र जास्त वेळ द्यावा. टेबल उलटे करावे. जो दुकानदार उलटे करू देत नाही, त्याच्याकडे थांबू नये. खालच्या बाजूला खाच पाडून एकात एक बसवलेले सांधे दिसले, हाताच्या रंध्याचे हलके उंचवटे बोटाला लागले, की काम जुन्या सुताराचे समजावे. प्लायची कड आणि यंत्राचे चकचकीत स्क्रू दिसले तर वरची कोरीव पट्टी कितीही काळवंडलेली असो, सांगाडा अलीकडचा. लाकडावर बारीक छिद्रे असतील आणि ठोकल्यावर पिठासारखा भुसा गळत असेल, तर आत कीड जिवंत आहे. असे टेबल घरी आणले की औषध मारणे आले. जीवदया पाळणाऱ्या घराने ते दुकानातच सोडून द्यावे. जुन्या फर्निचरची आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. पूर्वीचा सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होत असे आणि फ्रेंच पॉलिशमधील चपडा लाखेच्या किड्यांपासून मिळतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी खरेदीपूर्वी विचार करावा. नंतर खरवडून मेलामाइन पॉलिश मारले तर जुन्या टेबलाचे मोलच उतरते. पांढऱ्या जडावाच्या टेबलांपासून तर दूरच राहावे. तो हस्तिदंत निघाला, तर त्याची खरेदी-विक्री भारतात कायद्याने बंद आहे.

जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा फर्निचर बाजारात चित्र वेगळे दिसते. येथे जुने दुरुस्त करून विकतात, जुन्या लाकडाचे नवे घडवतात आणि नव्याला जुने रूपही देतात. यातील दुसरा प्रकार घरासाठी सर्वांत किफायतशीर. पाडलेल्या वाड्यांच्या वाशांचे सागवान अनेक पावसाळे पाहिलेले असते. ते आता सहसा वाकत नाही. विक्रेता ‘अँटिक’ न म्हणता ‘जुन्या लाकडाचे’ म्हणत असेल, तर त्याच्याशी भाव करायला हरकत नाही.

लोअर परळच्या रघुवंशी मिलच्या आवारात पोचले की लाकूड मागे पडते आणि पोलाद पुढे येते. सोनेरी मुलाम्याच्या बारीक दांड्या, धुरकट काच, दोन-तीन टेबले एकमेकांखाली सरकणारी. या साऱ्या घराण्याची एक पूर्वज आयलीन ग्रे ही आयरिश कलावती होय. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तिने 1926 ते 1929 या काळात ‘ई-1027’ नावाचे घर उभारले आणि त्यासाठी पोलादी नळीचे, गोल काचेचे टेबल योजले. त्याची उंची कमी-जास्त करता येते, आणि आधाराची नळी एकाच बाजूला असल्यामुळे तळ पलंगाखाली सरकून काच थेट बसणाऱ्यासमोर येते. लहान सदनिकांत राहणाऱ्या मुंबईकराला याहून सोयीचे साधन सापडणे कठीण. आज त्याच्या नकला सर्वत्र मिळतात. घेताना काचेच्या एका कडेवर तळहात टेकून थोडा भार द्यावा. तळ उचलला गेला तर पत्रा हलका वापरला आहे.

पेढीवरच्या जुन्या मेजांवरही काच असे. खाली हिरवी बनात, तिच्यावर कॅलेंडर, भावाची पत्रके, देवदर्शनाचे फोटो आणि वर काच. ती पातळ चालत असे, कारण तिच्याखाली पूर्ण फळीचा आधार होता. चार टेकूंवर उभ्या राहणाऱ्या काचेला तो हिशेब लावता येत नाही. साधी काच फुटली की तिचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात. रांगत्या नातवंडांच्या आणि काठी टेकत चालणाऱ्या आजीच्या घरात ती जोखीम घेऊ नये. टफन काच सुमारे 620 ते 650 अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे बोथट बारीक दाणे होतात. कोपऱ्यात कारखान्याचा न पुसला जाणारा लहान शिक्का असतो, तो पाहूनच पैसे द्यावेत.

म्हणूनच जाणकार खरेदीदार मटण स्ट्रीटवरून सांगाडा घेतात आणि काच नवी बसवतात. मुळची बेव्हल कडेची काच सुंदर असेल तर ती जपावी, पण फळीवर टेकलेली, अधांतरी नव्हे. नव्या काचेसाठी टेबलाचा आकार ब्राउन पेपरवर उतरवून दुकानदाराला द्यावा, कारण टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही. खाचेत बसवायची असेल तर चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवावेत. कडा गोल घासून घ्याव्यात, आणि टेकूंवर पारदर्शक रबरी चकत्या लावाव्यात. जुने काचवाले जाडी सुतात सांगतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, सुमारे तीन मिलिमीटर. मोजण्यावर विश्वास नसेल तर तराजू आहेच. एक चौरस मीटर काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. म्हणजे साठ सेंटिमीटर व्यासाची, दहा मिलिमीटर जाडीची गोल काच सात किलोच्या आसपास भरली पाहिजे. पाचच किलो भरली तर जाडीत कसर झाली आहे, आणि हे व्यापाऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागू नये.

उंचीबाबत एवढेच की टेबल कोचाच्या हातापेक्षा उंच नसावे. गादी-तक्क्याची बैठक असेल तर बाजारातील बहुतेक टेबले उंच पडतात. तेथे जुने बुटके टेबलच शोधावे.

असे टेबल परदेशी नातेवाइकाला भेट पाठवण्याचा मोह अनेकांना होतो, विशेषतः हिऱ्यांच्या व्यापारामुळे अँटवर्पला स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या बाबतीत. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर किंवा अधिक वर्षांची कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. दुकानदाराने हौसेने ‘शंभर वर्षांचे’ असे बिलावर लिहून दिले असेल, तर तेच बिल कस्टममध्ये अडचण करते. अँटवर्पच्या नातेवाइकाने तिकडच्याच क्लोस्टरस्ट्राटवर फेरी मारावी हे बरे. जुन्या सामानाच्या दुकानांसाठी तो रस्ता प्रसिद्ध आहे, आणि टेबल उलटे करून पाहण्याची रीत तेथेही तीच.