गुलाबी फुलाचा अर्थ

लग्नाच्या ऑर्डरीसोबत हल्ली मोबाइलवर फोटो येतो तो गुलाबी ट्यूलिपच्या गुच्छाचा. पूर्व विदर्भातल्या देवरीत हार-गजरे करणाऱ्या माझ्यासारख्याच्या हाती हे फूल क्वचित येतं, पण त्याचा अर्थ मला मनापासून पटतो. युरोपात लाल ट्यूलिप म्हणजे प्रेमाची कबुली. गुलाबी म्हणजे जिव्हाळा आणि शुभेच्छा. त्यात मागणं काहीच नसतं, म्हणून ते बहिणीला, बाळंतिणीला, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना, कुणालाही देता येतं.

ट्यूलिपच्या कांद्याला फुलण्याआधी 12 ते 16 आठवडे गारठा लागतो. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 साली खुल्या झालेल्या ट्यूलिप बागेत तो मिळतो, आमच्या झाडीपट्टीत नाही.

इथं शुभेच्छांचा तोच अर्थ तळ्यातलं गुलाबी कमळ सांगतं. लक्ष्मीपूजनाला ते वाहिलं जातं ते घराची भरभराट होवो म्हणून. पहाटे, उमलायच्या बेतात असतानाच ते काढावं लागतं. घट्ट कळी कापली तर ती बहुधा मिटलेलीच राहते. मग बाहेरची एकेक पाकळी हलक्या हाताने आत दुमडून ती उघडायची. बोटाचा जोर जरा वाढला की पाकळीवर तपकिरी डाग उठतो. हे काम घाईचं नाही, आणि मला सगळ्यात आवडतं तेही हेच.

हे कमळ ज्यांत फुलतं ती आमच्या भागातली बरीच तळी कोहळी समाजाने बांधली. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचं नाव आजही जोडलेलं आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, तिच्याखालची तळी सरकारजमा झाली आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची निगा सुटली. काठावर बेशरम ही झुडपी वनस्पती माजली. तिचंही फूल गुलाबीच आणि खरं तर देखणं, पण तिचा हार कुणी ओवत नाही. म्हणून मला वाटतं, नुसत्या रंगाला अर्थ नसतो. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या फुलाला जपलं, ज्याच्यासाठी पाणी राखलं, त्याला तो येतो.

ट्यूलिपच हवे असतील तर नागपूरहून मागवून देईन, तेही आनंदाने. पण गुलाबी कमळ चालणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. तळ्यावरचे मासेमार ढिवर बांधव पहाटे काढून देतात. आणि गावच्या तळ्यातली बेशरम उपटायला माणसं जमतील तेव्हा तुम्हीही या.