कृष्णाकाठचे आठ दिवस

माहेरी जाण्यास कारण लागत नाही असे म्हणतात. पण पन्नाशी उलटल्यावर, घरात सून-नातवंडे असताना, मी आठ दिवस वाईस जाते म्हणाले, तेव्हा “तिकडे काही कार्य आहे का?” असे जाऊबाईंनी विचारलेच. कार्य नव्हते. कृष्णाबाईचा उत्सव आहे, एवढेच मी सांगितले आणि ते खोटे नव्हते. खरे कारण पिशवीच्या तळाशी, पातळांच्या घडीत दडविले होते: कोऱ्या कागदांची एक वही, दोन शिसपेन्सिली आणि टोक करण्यास एक चाकू. खोडरबर मी मुद्दामच घेतले नव्हते.

याचे मूळ फार जुने आहे. शाळेत असताना मी एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी करीत होते. एके दिवशी आमच्या मास्तरांनी माझा वस्तुचित्राचा कागद साऱ्या वर्गासमोर उंच धरला आणि विचारले, “या तांब्यात पाणी राहील काय?” तांब्या कलंडलेला उतरला होता खरा. वर्ग हसला, मीही हसले. मास्तर दुष्ट नव्हते, नुसते विनोदी होते. पण परीक्षेस मी बसले नाही, आणि पुढे चाळीस वर्षे कागदावर एक रेघ ओढली नाही. ही गोष्ट मी विसरूनही गेले होते. गेल्या दिवाळीत पाच वर्षांची नात खडू घेऊन आली आणि म्हणाली, “आजी, घोडा काढून दे.” “मला येत नाही गं,” असे मी सहज म्हटले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, “मग मला पण येत नाही,” म्हणाली आणि खडू डब्यात ठेवून दिले. ते खडू कित्येक दिवस तसेच पडून होते, आणि तो डबा दिसला की माझ्या मनास चुटपुट लागे.

शिकवणी लावण्याचा धीर नव्हता. पुन्हा कोणी कागद उंच धरला तर? तेव्हा पुस्तकांचा आधार घेतला. जॉन रस्किन या इंग्रज ग्रंथकाराने 1857 साली, ज्यांना गुरू नाही अशांसाठी, पत्रांच्या रूपाने चित्रकलेचे एक पुस्तक लिहिले. लंडनला कामकरी लोकांच्या महाविद्यालयात तो स्वतः चित्रकला शिकवीत असे. चित्रकार निर्माण करणे हा त्याचा हेतूच नव्हता. माणसाला नीट पाहता यावे, एवढेच त्याला हवे होते. त्याचा पहिला धडा म्हणजे एक लहानसा चौकोन बारीक रेघांनी सर्वत्र सारखा भरून काढणे. दुसरे पुस्तक किमॉन निकोलाइडिस या अमेरिकन शिक्षकाचे. ते त्याच्या मृत्यूनंतर 1941 साली छापले गेले. त्याचा पहिला पाठ तर याहून चमत्कारिक. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी चालवायची, तिच्याबरोबर पेन्सिल कागदावर चालवायची, आणि कागदाकडे पाहायचे नाही! या दोघांकडून थोडेथोडे उसने घेऊन मी आपले नियम केले. रोज अर्धा तास, खोडणे नाही, आणि आठव्या दिवसापर्यंत वही कोणास दाखवायची नाही, दादाला नाही, वहिनीलाही नाही.

वाई हे अक्षरांचे गाव. प्राज्ञपाठशाळा येथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथले, मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले तेही याच गावी. आमच्या लहानपणी घरोघरी पाठांतर चाले. चित्र काढीत बसलेल्या मुलीला मात्र “काही काम नाही वाटतं?” असे हटकून विचारीत. घाट तेवढे सर्वांचे होते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशा सात आळ्यांचे सात घाट. माघ-फाल्गुनात ओळीने एकेका घाटावर मांडव पडतो आणि कृष्णाबाईची मूर्ती तेथे बसते. मी गणपतीच्या घाटावरची एक पायरी धरली.

पहिले दोन दिवस चौकोन भरण्यात गेले. हे काम दिसते तितके सोपे नाही. कोठे रेघा दाटतात, कोठे विरळ होतात, आणि चौकोनाच्या कोपऱ्यांशी हात हटकून अधीर होतो. धुणे धूत असलेल्या एका बाईंनी विचारले, “सरकारी मोजणी आहे का, ताई?” मी होय म्हणून सुटका करून घेतली.

तिसऱ्या दिवशी काशीविश्वेश्वराच्या नंदीसमोर बसले. एका दगडातून घडविलेला हा नंदी गुळगुळीत, गळ्यात माळा-घंटा घातलेला, कोणासही पाहताक्षणी आवडावा असा. कागदाकडे न पाहता मी अर्धा तास त्याच्या कडेवरून नजर चालविली. मग वही पाहिली तर नंदीची म्हैस झालेली, आणि एक शिंग पाठीतून उगवलेले. हसू आवरेना. विशेष असे की ही चूक माझी मला मुळीच टोचली नाही. जे पाहायचेच नव्हते, ते बिघडले तर बिघडले! पण त्याच गचाळ रेघेत एके ठिकाणी मानेचा खालचा पोळीचा भाग असा काही उतरला होता की तेथे हात ठेवावा असे वाटले. तेवढी चार बोटे रेघ मी रात्री अंथरुणात पुनःपुन्हा पाहिली.

चौथ्या दिवसाची गोष्ट मात्र थोडी लाजेची आहे. ढोल्या गणपतीचे देऊळ 1762 साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. पुराचा लोंढा दुभंगून जावा म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, हे वाईचे पोर जन्मतःच जाणते. मीही पाहुण्यांना शेकडो वेळा सांगितले असेल. त्या सकाळी ती भिंत काढू लागले, आणि मधोमध ती निमुळती होत टोकाला कशी येते, ऊन एका अंगावर असताना दुसरे अंग कसे काळोखात जाते, ते पाहून मी पेन्सिल थांबविली. ही भिंत मला ठाऊक होती. मी ती पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी दादाने मेणवलीस नेले. वाईपासून गाव जवळच आहे. नाना फडणविसांचा चौकाचौकांचा वाडा, त्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे, आणि पलीकडे पांडवगड. वाड्यातील भिंतींवर जुनी चित्रे आहेत. पुष्कळ फिकटली आहेत. ती काढणाऱ्यांनी आपली नावे लिहून ठेवली नाहीत, आणि मला त्या दिवशी त्यांचा हेवा वाटला. घाटाजवळच्या लहानशा दगडी मंडपात एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हा तेथील चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हा आकडा आहे. एका देवाच्या दारची घंटा दुसऱ्या देवाच्या दारी आली, आणि दोघांपैकी कोणाचीच तक्रार ऐकिवात नाही!

त्या दिवसाचा पाठ स्मरणाचा होता. पाव तास घंटा नुसती पाहायची आणि रात्री घरी बसून काढायची. रात्री घंटेचा घेर उतरला, आकडा उतरला. पण आईने मूल कोणत्या हातावर घेतले आहे, ते काही केल्या आठवेना. दोन मुले आणि तीन नातवंडे ज्या बाईने कडेवर वागविली, तिला हे दिसू नये? सकाळी कोणास न सांगता पुन्हा मेणवलीस चालत गेले, पाहिले आणि परत आले. दादा दारातच उभा होता. “अगं, काल काही राहिलं होतं का?” “हो, विसरले होते,” म्हटले. तो अजून समजतो की माझी छत्री राहिली होती.

सातव्या दिवशी वहिनी म्हणाली, “वन्सं, मांडवापुढे रांगोळीला चला, तुमच्या हाताला वळण आहे.” आम्ही दोघी पहाटे गेलो. सडा झाला होता. ठिपके मांडले, रेघा ओढल्या. कमळ, वेल, गोपद्मे चिमटीतून झरझर उतरत गेली. एवढ्यात माझ्या ध्यानात आले, की हा हात मुळीच कचरत नाही. चाळीस वर्षे दररोज सकाळी तो काढीतच होता! दुपारपर्यंत ती रांगोळी माणसांच्या पायांखाली पुसली जाते, तिला कोणी गुण देत नाही, उद्या पुन्हा काढायचीच असते; म्हणून तिला मी कधी चित्र म्हटले नव्हते. रवींद्रनाथ ठाकूर 1924 साली अर्जेंटिनात असताना ‘पूरबी’च्या हस्तलिखितातील खोडलेल्या शब्दांना रेघांनी जोडीत बसत. त्या खाडाखोडीतून पक्षी, श्वापदे, मुखवटे निघू लागले, आणि 1930 साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. साठी उलटल्यावरची ही गोष्ट आहे. त्यांची बरोबरी सांगण्याचा माझा हेतू नाही. पण खोडलेल्या शब्दाशी कोणी परीक्षक बसलेला नसतो, आणि उंबऱ्याशीही नसतो, एवढे साम्य मला दिसले.

आठव्या दिवशी मी वडिलांचा स्नानाचा तांब्या घाटाच्या पायरीवर ठेवला आणि तोच काढला. काढताना कागदाकडेही पाहिले. झाल्यावर हात लांब करून पाहिले, तो काय! तांब्या पुन्हा कलंडलेला. मन एकदम खट्टू झाले. मग उठून तांब्या हातात घेतला, फिरवून पाहिला. एका अंगास तो चांगलाच चेपलेला होता. वर्षानुवर्षे दगडावर आपटून बुडाशी तिरपाही झाला होता. शाळेतला तो तांब्या कसा होता, हे आता कोणास विचारावे?

त्या रात्री नियमाप्रमाणे वही सर्वांना दाखविली. दादाने चष्मा लावून एकेक पान उलटले आणि नंदीशी येताच “ही म्हैस कोणाची?” असे विचारले. सगळे हसले. मी वही मिटली नाही.

पुण्यास परतल्यावर नातीला घोडा काढून दिला नाही. तिला समोर बसविले आणि सांगितले, की कागदाकडे न पाहता एकमेकींना काढायचे, जी पाहील तिच्यावर राज्य. तिने डोळे वटारून माझे तोंड निरखले आणि खडू एकदाही न उचलता मला काढले. माझा चष्मा कपाळाच्या वर गेला आहे आणि नाकाला तीन भोके आहेत. ते चित्र स्वयंपाकघरात फडताळाच्या दारास डकविले आहे, जाऊबाईंनी ते ओळखले आणि विचारले, “माझे केव्हा काढणार?”