पणजोबांचा न धाडलेला अर्ज

आमच्या घराण्यात शिपाईगिरीची परंपरा आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दापोली, मंडणगड, महाड या पट्ट्यातील आपल्या समाजाच्या कितीतरी घरांत ती आहे; त्यामुळे त्यात विशेष काही आहे असे आम्हां भावंडांस कधी वाटले नाही. पणजोबांचे सैन्य मात्र निराळे होते. ते आझाद हिंद सेनेत होते, आणि ही गोष्ट घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

आजीकडून कळले ते थोडेच. एका गोऱ्या अधिकाऱ्याचा स्वयंपाकी म्हणून ते सिंगापूरला गेले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, साहेब कैदेत गेला आणि पणजोबा बंदरावर हमाली करून राहिले. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू तेथे आले. त्यानंतर केवळ युद्धकैदी शिपायांचीच नव्हे, तर मळ्यांवरचे मजूर, दुकानदार, कारकून अशा पोटासाठी देशांतर केलेल्या साध्या माणसांचीही सेनेत भरती झाली. पणजोबा त्यांतले एक. ते ब्रह्मदेशात गेले, माघारीच्या पावसात पायी परतले आणि मे १९४५ मध्ये इंग्रजांनी रंगून परत घेतल्यावर चार महिने तुरुंगात राहिले.

त्याच वेळी त्यांचे धाकटे बंधू महार रेजिमेंटमध्ये होते. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झालेली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांपासून बाबासाहेबांपर्यंत आपल्या माणसांनी जवळजवळ अर्धशतक झगडा मांडला होता. इतक्या कष्टाने मिळालेली वर्दी एका भावाच्या अंगावर, आणि दुसरा भाऊ नेमका समोरच्या फळीत! पणजोबांचे मौन लाजेचे नव्हते. भावाच्या भाकरीला धक्का लागू नये, यासाठी ते असावे, असे आमचे मत आहे. दोघांपैकी कोण बरोबर, हा प्रश्न आम्ही आजीला एकदा विचारला होता. तिने आम्हांस पाणी भरावयास पाठविले.

परत आल्यावर गावी मन रमेना. पन्नाशीच्या दशकात शहाडला रेयॉनचा कारखाना निघाला, तेव्हा ते कामगार म्हणून येथे आले आणि येथलेच झाले. शेजारच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन उल्हासनगर वसले होते. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद सेनेतील वरिष्ठ अधिकारी. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेल्या हंगामी सरकारातही ते होते. पुढे नेहरूंच्या सरकारात तेच पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. म्हणजे शेजारच्या छावणीतील निर्वासितांचा प्रश्न ज्या खात्याकडे होता, त्या खात्यात पणजोबांचे जुने वरिष्ठ बसले होते. पणजोबांनी त्यांना कधी पत्र लिहिल्याचे आजीच्या ऐकिवात नव्हते.

आजीच्या पश्चात आम्ही कागदोपत्री शोध आरंभिला. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर आम्ही रात्रीमागून रात्री घालविल्या. पण शोधावे कोणत्या नावाने? गावावरून पडलेले आडनाव, बापाचे नाव, की पंजाबी अथवा तमिळ कारकुनाने ऐकून लिहिलेले काही तिसरेच? एकाच नावाची आम्ही अकरा स्पेलिंगे करून पाहिली. जुळणारी तीन माणसे सापडली. तिघांपैकी एकाचेही गाव नोंदलेले नाही.

कागद सापडला तो दिल्लीत नव्हे, शहाडच्या खोलीतील पत्र्याच्या ट्रंकेत. स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाचा तो अर्ज होता. १ ऑगस्ट १९८० पासून केंद्राने ही योजना अधिक उदार केली; पूर्वीची उत्पन्नाची मर्यादा काढून टाकली. तुरुंगवासाची अट सहा महिन्यांची. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांस मात्र तीन महिन्यांची. पणजोबांचे महिने चार. राज्य शासनाने बौद्धांना सवलती आधीच दिल्या होत्या, परंतु ही योजना केंद्राची, आणि केंद्राच्या यादीत तेव्हा बौद्ध नव्हते.

अर्ज दुसऱ्या कोणा जाणत्याने पेन्सिलीने भरून दिलेला दिसतो. जातीच्या रकान्यात त्याने जुनी जात लिहिली होती. त्या एका शब्दाने चार महिने पुरेसे ठरले असते, आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरात त्या पैशांची गरज किती होती, हे आम्ही आजीच्या तोंडून ऐकले आहे. पणजोबांनी तो शब्द शाईने खोडला आहे. एकदा नव्हे, तीन रेघांनी. वर आपल्या वळणदार अक्षरांत ‘बौद्ध’ लिहिले आहे. नंतर बहुधा त्यांनीच समासात ‘६’ लिहून त्याखाली ‘४’ मांडला आहे. वजाबाकी केलेली नाही.

पणजोबा १९८७ मध्ये वारले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. अर्जाच्या शेवटी सही आहे. तारखेची जागा कोरी आहे.