टिकालचे पाणी

ग्वाटेमालाच्या उत्तरेस, पेतेनच्या अरण्यात टिकाल हे प्राचीन माया नगर आहे. तेथे पोचलेल्याची नजर प्रथम वर जाते, कारण चौथे मंदिरच सुमारे ६५ मीटर उंच आहे. शेठजी मुलाला घेऊन त्याच्या लाकडी पायऱ्या चढावयास गेले. शेठाणीबाईंचे गुडघे कुरकुरत होते. त्या सूनबाईंसह राजवाड्यापाशीच थांबल्या. वाटाड्याला त्यांनी सूनबाईंकरवी एवढेच विचारले, "येथे नदी कोठे दिसत नाही. मग इतकी माणसे पीत तरी काय होती?"

वाटाड्याने वाड्याच्या दक्षिणेची, झाडीने भरलेली एक खोलगट जागा दाखविली. ते राजवाड्याचे तळे. फरसबंद चौकांना उतार देऊन पावसाचे पाणी अशा तळ्यांत उतरवीत आणि कोरडा ऋतू त्यावर काढीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या तळ्याच्या गाळात पारा आढळला. माया लोकांना हिंगुळाचा लाल रंग फार प्रिय. वाड्याच्या आणि मंदिरांच्या भिंतींवरून तो पावसाबरोबर खाली येई. शिवाय विषारी नील-हरित शेवाळही माजले होते. नवव्या शतकात अवर्षणे आली तेव्हा राजाच्या दाराशी होते ते हे पाणी. तेथील शेवटचा कालनिर्देशित शिलास्तंभ ८६९ सालचा आहे.

बाईंच्या पिशवीतून डोकावणारे पांढरे गाळणे पाहून वाटाड्याने कुतूहलाने चौकशी केली. पाणी गाळल्याविना पीत नाहीत, हे कळताच तो हसला व म्हणाला, "मग तुम्ही कोरिएंताल पाहावयास हवे होते!" त्या तळ्यात दूरच्या टेकड्यांवरून, बहुधा तीस किलोमीटरवरून, आणलेली स्फटिकी वाळू आणि झिओलाइट सापडले आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांच्या पोकळ्यांत हेच चमकदार खनिज आढळते. त्यातून झिरपताना पाण्यातील जंतू आणि पाराही अडून राही. ते तळे नगरीच्या अखेरच्या काळातही स्वच्छ होते.

बाई गाळण्याची घडी बोटांनी चाचपीत राहिल्या. "यातून हिंगूळ सुटलाच असता," त्या सूनबाईंना म्हणाल्या.

इतक्यात शेठजी घामाघूम होऊन परतले. वरून दिसणाऱ्या अरण्याचे वर्णन सुरू झाले, छायाचित्रे निघाली. बाईंनी ती पाहिली, आणि मग त्यांना हाताला धरून त्या खड्ड्याकडे नेले.